आजोबांचं बत्तीस बोअर: नोंद चौथी

मागच्या नोंदीत मी आजोबांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल लिहिलं होतं, 'नंबर मिळाला, १९०६ ते १९०९ मधलं आहे.' ते चुकीचं होतं, कारण जो मिळाला तो सीरियल नंबर नव्हताच.

पहिल्या तीन नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. माझ्याकडे स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं परवान्याचं एक रिव्हॉल्व्हर आहे, .३२ बोअर, सहा काडतुसांचं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून आजोबांनी ते १९४७ साली घेतलं, असं घरात सांगतात. 'महायुद्धातलं आहे हो ते' ही आत्याची भर. आजोबांनंतर ते बाबांकडे आलं आणि बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. त्या वेळी परवान्यातला पाच आकडी नंबर हत्याराशी ताडून पाहिला गेला, जुळला, आणि विषय तिथेच मिटला. नंबर सत्तर हजारांच्या घरातला. सिलिंडर बाहेर झुलवला की ज्या हातावर तो फिरतो तो योक, आणि योक जिथे बसतो ती फ्रेमची खाच, या दोन्ही जागी तोच ठसा आहे.

या कंपनीच्या .३२ हँड इजेक्टरचं (सिलिंडरमधली काडतुसं हाताने दांडा ढकलून काढायच्या रिव्हॉल्व्हरचं) पहिलं मॉडेल १८९६ चं. १९०३ चं मॉडेल आलं तेव्हा नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले, म्हणजे मॉडेल ओळखल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही, हे मला माहीत होतं. १९०३ मॉडेलच्या दुसऱ्या बदलाचे (म्हणजे सुधारित आवृत्तीचे) नंबर ५१,१२७ ते ९५,५००, साल १९०६ ते १९०९. माझा आकडा त्यात नेमका बसला आणि मी खूश झालो.

मग एका रविवारी नळी पुसताना वरची बारीक ओळ भिंगाखाली धरली. पेटंटच्या तारखा: ६ फेब्रुवारी १९०६, १४ सप्टेंबर १९०९, २९ डिसेंबर १९१४. शेवटच्या तारखेपाशी मी थांबलो. १९०९ मध्ये कारखान्यातून निघालेल्या नळीवर १९१४ चं पेटंट कुठून येणार? पेटंटची तारीख म्हणजे बनावटीची तारीख नव्हे, ही चूक बहुतेकांची होते. पण त्या तारखेच्या आधी ती नळी बनलेली नाही, एवढं ती पक्कं सांगते. एक तर नळी बदललेली होती, नाहीतर माझा नंबर खोटा होता.

देवळाली कॅम्पात एक निवृत्त आर्मरर (लष्करात शस्त्रं दुरुस्त करणारे) काका राहतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मुठीच्या पुढच्या बाजूला काय आहे?" मुठीच्या पुढच्या बाजूला चामडं होतं. आजोबांनी नाशिकच्या भद्रकालीतल्या एका मोच्याकडून मुठीवर चामड्याची खोळ शिवून घेतली होती, घामाने हात सटकू नये म्हणून. आमच्या घरात ते रिव्हॉल्व्हर कोणी त्या खोळीशिवाय पाहिलेलंच नाही.

ती उसवावी की नाही यात माझे आठ दिवस गेले. टाके आजोबांच्या वेळचे. शेवटी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "उसव, पण चामडं टाकू नकोस." ब्लेडने एकेक टाका कापला. ते चामडं आता दोऱ्यासकट डब्यात ठेवलं आहे.

खाली निघाला सहा आकडी नंबर, चार लाख अठरा हजारांच्या घरातला.

एरवी या कंपनीच्या त्या काळच्या रिव्हॉल्व्हरचा नंबर मुठीच्या तळाला असतो. पण १९१७ साली आलेल्या रेग्युलेशन पोलीस मॉडेलला लाकडी मूठ तळाखाली उतरून फ्रेमला झाकते, त्यामुळे कारखान्याने नंबर पुढच्या पट्टीवर घेतला. फ्रेमच्या मागच्या कडेला लाकूड बसायला एक पायरी काढलेली असते, तीही माझ्यात आहे. म्हणजे मॉडेल ठरलं. योकमधला पाच आकडी नंबर हा जुळणीचा. कारखान्यात सुटे भाग एकमेकांना बसवल्यावर पॉलिश आणि ब्लूइंगला (पोलादावर काळसर-निळा थर चढवायला) जाताना त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तो मारत. हत्यार बाहेर पडलं की त्याचं काम संपलं. परवान्याच्या जुन्या नोंदीत मात्र तोच उतरवला गेला, आणि पुढे प्रत्येकाने सिलिंडर उघडून तोच वाचला.

सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूलाही आकडे होते. सुट्या भागाचे असतील असं समजून मी ते आधी सोडून दिले होते. मऊ ब्रशने काजळी काढल्यावर दोन्हीकडे तोच सहा आकडी नंबर वाचता आला. म्हणजे नळी मूळचीच. मग मूठ काढली. स्क्रू दोन-तीन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर पेचकसाच्या मुठीने हळूच टिचकी मारायची, समोरचा फाळका आपसूक सुटतो. नखाने किंवा पात्याने उचकटू नका, लाकडाची कड तुटते. उजव्या फाळक्याच्या आत पेन्सिलीने तोच नंबर लिहिलेला. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात कुणीतरी लिहिलेली ती पेन्सिल इतकी वर्षं नाशिकच्या दमटीत टिकली. मी बराच वेळ ते लाकूड हातात धरून बसलो होतो.

आता साल. रेग्युलेशन पोलीसचे नंबर .३२ च्या त्याच मालिकेत चालतात, साधारण ३,३१,३२० ते ५,३६,६८४, म्हणजे १९१७ ते १९४२. पंचवीस वर्षांचा पट्टा झाला. शिवाय नंबर क्रमाने मारले तरी माल क्रमाने बाहेर जात नसे, म्हणून त्रैराशिक मांडून वर्ष काढणं मला पटत नाही. त्यापेक्षा अंगावरच्या खुणा बोलतात. फ्रेमच्या उजव्या अंगाला 'मेड इन यूएसए' एका ओळीत आहे, ही खूण साधारण १९२२ पासूनची. काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचं टोक अळंबीसारखं पसरट आहे, १९२७ च्या सुमारास ते पिंपासारखं झालं. मुठीवर कंपनीची धातूची बिल्ली नाही, आणि विशीच्या दशकात ती नसायचीच, १९२९-३० च्या सुमारास रुपेरी परत आली. तिन्ही खुणा १९२२ ते १९२७ मध्ये एकत्र येतात आणि नंबर त्यांच्या आड येत नाही. म्हणजे ते महायुद्धाच्या काळात बनलेलं नाही, आत्याची भर तेवढी गेली. १९४७ ची खरेदी मात्र खरी असू शकते, तेव्हा हे हत्यार वीस-पंचवीस वर्षांचं जुनं झालेलं होतं.

याच आठवड्यात पंचवटीतल्या एका स्नेह्यांचं 'स्मिथ'ही पाहिलं. नळीवर स्मिथ अँड वेसन ही अक्षरं आहेत, पण पूर्ण ओळ वाचली तर ती काडतुसाबद्दल आहे. चाचणीचे (प्रूफचे) ठसे स्पेनमधल्या एइबार या गावचे, म्हणजे ते या कंपनीचं नव्हेच, आणि त्यात वर्षाचं अक्षर 'बी'. ती पद्धत १९२७ ला 'ए'पासून सुरू झाली, म्हणून १९२८. तिथे सीरियल नंबरचा काही उपयोग झाला नाही, साल प्रूफच्या ठशाने दिलं. त्यांना वाईट वाटलं. मला विचाराल तर ज्याचं वर्ष इतकं नेमकं सांगता येतं ते हत्यार जपण्यासारखंच आहे.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी विजयानंद थिएटर आणि २१ डिसेंबर १९०९ काढतंच, 'कान्हेऱ्यांचं रिव्हॉल्व्हर' म्हणून. अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. त्याला फिरता सिलिंडर नसतो. इतक्या मोठ्या घटनेतलं हत्यार तरी आपण नीट नावाने घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची कामं दोन. परवान्यातला नंबर दुरुस्त करून मिळावा म्हणून चारही जागांचे फोटो जोडून अर्ज दिला आहे. तुमच्याकडे वडिलोपार्जित हत्यार असेल तर परवाना उघडा आणि त्यातला आकडा नेमका कोणत्या जागेवरून उतरवलाय ते आजच बघा. आधी सिलिंडर रिकामा आहे याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि आतली यंत्रणा झाकणारी बाजूची प्लेट उघडायच्या फंदात पडू नका. दुसरं, कंपनीच्या जुन्या नोंदींवरून माल रवाना झाल्याची तारीख देणारं पत्र मागवलं आहे.

कुणाकडे चार लाख दहा ते चार लाख पंचवीस हजारांमधलं रेग्युलेशन पोलीस असेल तर शेवटचे तीन आकडे झाकून कळवा. दांड्याचं टोक कसं आहे आणि मुठीवर बिल्ली आहे की नाही, एवढं हवं आहे.