एक्सपीची कस्टम सीडी: ७बी गेला, एएसएमएस गेला, आता राहिला डोंगल

मंडळी, मामांच्या मशीनवर विंडोज एक्सपी बसवायच्या कामाचा अपडेट. मशीन डेस्कटॉपपर्यंत पोचलं! एसएसडीवर, एएचसीआय (साटा डिस्क चालवायची नवी पद्धत) मोडमध्ये, आणि मराठी नीट जोडाक्षरांसकट दिसतंय. लई भारी वाटतंय खरं सांगू का.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथं जॅकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन काढायचं जुनं सॉफ्टवेअर, ३२ बिट एक्सपीवरच चालतं आणि त्याचा डोंगल (लायसन्सची चावी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लागतो. जुना पीसी थकला म्हणून पी३५ चिपसेटचा बोर्ड जमवला, साउथब्रिज (डिस्क वगैरे सांभाळणारी चिप) आयसीएच९आर, आणि मुख्य म्हणजे मागं पॅरलल पोर्ट आहे. मामांचं म्हणणं एकच, "डिझाइन उघडली पायजेत बघ, बाकी तुला काय करायचं ते कर."

जुन्या पीसीसोबत कुणीतरी कापून बारीक केलेली एक्सपीची सीडी मिळाली होती, पण त्यातनं भाषांचा सपोर्टच काढलेला, त्यामुळं मामांच्या मोरपंख, कमळ असल्या फोल्डरच्या नावांच्या जागी नुसत्या चौकटी. ती बाजूला ठेवली. कॅबिनेटवरचा स्टिकर ओईएमचा (मशीनसोबत येणाऱ्या विंडोजचा) आहे म्हणून एसपी३ ची (सर्व्हिस पॅक ३) ओईएम सीडीच घेतली (रिटेल सीडी ओईएमची प्रॉडक्ट की घेत नाही, त्यात उगाच वेळ घालवू नका) आणि एनलाइट या विंडोजची सीडी हवी तशी बनवायच्या प्रोग्राममध्ये सगळं नव्यानं बांधलं.

आता एरर. माझं ठाम मत आहे की एररचा मजकूर नंतर वाचावा, आधी बघावं तो कुठल्या टप्प्यावर आला. निळ्या स्क्रीनवर खाली फायली लोड होताना दिसतात ना, तिथवर सगळं वाचन बायोस करून देतो. "सेटअप इज स्टार्टिंग विंडोज" आलं की बायोस बाजूला होतो आणि एक्सपी स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क शोधायला लागतो. ७बी, म्हणजे "बूट डिस्क सापडत नाही" वाली निळी एरर, बरोब्बर तिथंच येतो. एक्सपी २००१ ची, तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही, मग सीडी कितीही वेळा बर्न करा, काय फरक पडणार?

बायोसमध्ये साटा मोड आयडीई केला तर ७बी लगेच जातो, आणि घाईत असाल तर खुशाल तसं करा. पण नंतर ड्रायव्हर न घालता मोड एएचसीआय केला की तोच ७बी परत उभा, आणि मला एसएसडीसाठी एनसीक्यू (डिस्कला एकदम अनेक कामं द्यायची सोय) पाहिजेच होतं. म्हणून इंटेलच्या मॅट्रिक्स स्टोरेज ड्रायव्हरचं ८.९ व्हर्जन, त्यातली फ्लॉपीवाली ३२ बिट फाइल, एनलाइटमध्ये टेक्स्टमोड (सेटअपच्या निळ्या स्क्रीनलाच लागणारा) ड्रायव्हर म्हणून घातली. इथं एक बारीक गोष्ट आहे, फोल्डरमध्ये दोन आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेल्या फायली) असतात, आयए-एएचसीआय आणि आयए-स्टोर, दुसरी रेडसाठी (अनेक डिस्क जोडून वापरायला), आपल्याला पहिली. मग कंट्रोलरची यादी येते, त्यात आपलाच निवडायचा. नावावर जाऊ नका, हार्डवेअर आयडी बघा, माझ्या बोर्डाचा व्हेंडर ८०८६, डिव्हाइस २९२२.

यादीत आयसीएच८एम पण टिक करून ठेवा, कारण व्हर्च्युअलबॉक्सचा (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) साटा कंट्रोलर स्वतःला तोच म्हणवतो, डिव्हाइस २८२९. म्हणजे टेक्स्टमोड ड्रायव्हर नीट बसलाय का ते एकही सीडी न जाळता तपासता येतं. ही ट्रिक मला फार आवडली.

पुढचा दगड जीयूआय टप्प्यात, म्हणजे निळ्या स्क्रीननंतरच्या खिडक्यांच्या सेटअपमध्ये. रीस्टार्टनंतर "एएसएमएस फाइल पाहिजे, सीडी घाला" आणि सीडी तर आतच. एएसएमएस हा सीडीवर आय३८६ मधला फोल्डर आहे आणि तो जागेवर होता. शिफ्ट एफ१० दाबलं की सेटअपमध्येच कमांड प्रॉम्प्ट उघडतो, तिथं डीआयआर मारून बघितलं तर सीडीचा ड्राइव्हच गायब! कारण असं की आयसीएच८ पासनं इंटेलनं डेस्कटॉप साउथब्रिजमधनं जुना आयडीई काढून टाकला, मग बोर्डवाले आयडीई पोर्टसाठी वेगळी चिप लावतात, आणि माझा डीव्हीडी ड्राइव्ह त्याच चिपवर. टेक्स्ट मोडमध्ये चालला, इथं नाही. साटा डीव्हीडी रायटर लावला, पुन्हा सुरू केलं, एएसएमएसनं तोंड पण दाखवलं नाही.

मधेच एकदा "कॉपी करता येत नाही" पण आलं. सीडी व्हेरिफाय केलेली होती, म्हणून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, तो मुद्दाम भर दुपारी, कारण सोलापूरच्या मे महिन्यात रात्री पास होणारी रॅम दुपारी गडबडू शकते. एक स्टिक एरर देत होती, काढली.

पार्टिशन एक्सपीच्या सेटअपमधनं करू नका, ती सेक्टर ६३ पासनं सुरू करते, एसएसडीला ते बरं नाही. आधीच लिनक्सवरनं २०४८ पासनं एनटीएफएस करून घेतलं आणि सेटअपमध्ये "आहे तसंच ठेवा" निवडलं.

मराठीसाठी एनलाइटमध्ये भाषा आणि कीबोर्डच्या भागाला हातच लावला नाही. नंतर रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक केली, मंगल फॉन्ट आला, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला. थोडे एमबी वाचवायला लोक हेच आधी उडवतात, मला पटत नाही, मराठी माणसाच्या मशीनवर हे राहायलाच पाहिजे. आणि एनलाइट दर वेळी कोऱ्या कॉपीवर चालवा, आधी कापलेल्यावर परत नको. प्रत्येक सेशनची आयएनआय (सेटिंगची) फाइल तो ठेवतो, दोन बिल्डच्या फायली शेजारी ठेवल्या की काय बदललं ते लगेच कळतं.

आता डोंगल. ड्रायव्हर बसला पण सॉफ्टवेअर म्हणतंय की नाही सापडला. पोर्ट ३७८, आयआरक्यू ७ वर आहे, पोर्टचा मोड सध्या ईसीपी. आता एसपीपी, मग ईपीपी असे दुसरे मोड लावून बघतो. नेटची केबल या मशीनला लावणार नाही, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, डिझाइन पेनड्राइव्हनं येतील-जातील. तोवर सगळी डिझाइन जुन्या डिस्कवरनं कॉपी करून ठेवलीत, ती डिस्क तशीच राहू देणार.