पोर्टरचा पेला

थंडगार बिअरची सवय असलेल्या माणसाने पोर्टर, म्हणजे लंडनची जुनी गडद बिअर, मागवण्याआधी मनाची थोडी तयारी करावी. लंडनच्या जुन्या पबमध्ये तळघरातल्या पिंपातून हातपंपाने ओढलेली पोर्टर बारा-तेरा अंशांना हातात येते. गार म्हणावी तर पुरती गार नाही, आणि कोमट तर नाहीच नाही. आपल्याकडचा पाहुणा पहिला घोट घेतो आणि बारमागच्या मुलीकडे असा बघतो, की यांचा फ्रीज बिघडला असावा. दर वेळी मला त्या चेहऱ्याची गंमत वाटते. पण हीच पोर्टर बर्फगार करून बघा, ती तोंड मिटून बसते. मग हाती काय लागतं? कडवटपणा आणि फेस.

पेला आधी उजेडासमोर धरावा. लांबून काळीकुट्ट वाटणारी पोर्टर कडेने तांबूस, जवळजवळ डाळिंबी दिसू लागते. मग नाकाशी न्यावा. भाजलेल्या जवाचा वास येतो, त्यामागून कोको, कॉफी, थोडी काकवी. जिभेवर ती गोडसर उतरते, मध्येच भाजकेपणा जागा होतो आणि घोट गेल्यावर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, मातकट कडसरपणा मागे रेंगाळतो. चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा करपायच्या अगदी आधी उतरवला तर जसा लागतो, त्या जातीची ही चव. स्टाउट हे हिचंच अपत्य. जास्त कडक पोर्टरला आधी ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत, पुढे लेकरू आईपेक्षा प्रसिद्ध झालं. आजच्या बऱ्याच स्टाउट मला करपलेल्या वाटतात. हे माझं मत; स्टाउटवर जीव असलेल्या डब्लिनच्या माणसासमोर मी ते बोलून दाखवत नाही.

आता आम्ही असे वास घेत, डोळे मिटून बसतो खरे. पण ही मुळात हमालांची बिअर. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये थेम्सच्या धक्क्यांवर कोळसा, धान्य, मीठ उतरवणारे आणि शहरभर पाठीवर ओझी वाहणारे हजारो पोर्टर, म्हणजे हमाल, होते. त्यांतल्या टिकट पोर्टरांकडे परवान्याचे बिल्लेही असत. दोन खेपांच्या मध्ये पोटाला आधार म्हणून ते ही गडद बिअर प्यायचे, आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. शोरडिचच्या राल्फ हारवुडने १७२२ साली ती शोधून काढली, असं सांगतात. अभ्यासक या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. मी पबमध्ये ती आनंदाने ऐकतो.

पिकॅडिलीवर ग्रीन पार्कच्या कडेला लोखंडी खांबांवर बसवलेली हमालांसाठीची एक आडवी फळी आहे. श्रुजबरीचे खासदार स्लेनी यांच्या सूचनेवरून ती १८६१ साली उभारली. उंची खांद्याच्या बेताची, म्हणजे पाठ टेकवून ओझं तसंच फळीवर सरकवायचं आणि दम खायचा. ओझं जमिनीवर ठेवलं, तर परत उचलून देणार कोण? ज्याने ही उंची ठरवली त्याला हमालीतलं नक्कीच काहीतरी कळत होतं.

हमालांच्या तहानेवर कारखानदार मात्र गडगंज झाले. पोर्टर महिनोन्‌महिने मुरवायला लागे, म्हणून लाकडी पिंपं घराएवढी होत गेली. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या म्यूक्सच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर १८१४ रोजी बावीस फूट उंचीचं पिंप फुटलं, आणि पोर्टरचा लोंढा भिंत फोडून सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत घुसला. आठ जण दगावले. त्यांतले बरेचसे तळघरात एका लहान मुलाच्या मयताला जमले होते. लोक भांडी भरभरून बिअर प्यायले, हा किस्सा आजही हसत हसत सांगितला जातो. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्याचा मागमूस नाही.

लबाडीही होतीच. रंगासाठी जळकी साखर, आणि झिंग चढावी म्हणून चक्क काकमारीची फळं. मलबारकडे मासे गुंगवायला वापरतात तीच. बिअरचे पैसे वाचवायला विष जहाजाने मागवायचं, याला काय म्हणावं! १८१६ च्या कायद्याने असल्या भेसळीवर जबर दंड बसवला. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात जव काळा भाजायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव; असा काळा भाजलेला माल्ट चिमूटभर घातला की रंग तयार. तोवर द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने दाखवून दिलंच होतं की स्वस्त वाटणाऱ्या तपकिरी माल्टमधून साखर फार कमी निघते. फिकट माल्ट आणि वर चिमूटभर काळा, असा हिशेब जमला आणि जुनी, धुरकट पोर्टर बदलली. त्या शतकाच्या पोटी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी जी पिंपं आली, त्यांत पोर्टरच भरपूर होती. पेल एल या फिकट बिअरचा गवगवा उगाच जास्त झाला.

विसाव्या शतकात पोर्टर इंग्लंडातून जवळजवळ नाहीशी झाली आणि १९७० च्या दशकाअखेर परत आली. फुलर्स या लंडनच्या ब्रुअरीची ‘लंडन पोर्टर’ १९९६ पासूनची, ५.४ टक्क्यांची. तपकिरी माल्ट तिच्यात अजून आहे, हे मला पटतं. नव्या ब्रुअरी व्हॅनिला, नारळ, मिरची काय वाटेल ते घालतात. त्यांना माझा दुरूनच नमस्कार.

सोबत काय खावं? जुन्या लंडनमध्ये पोर्टरबरोबर कालवं खात, कारण ती गरिबांना परवडत. आता तीच अर्धा डझन कालवं बर्फावर लिंबाची फोड लावून येतात आणि बिल बघून तहानच मरते. शिवाय कालवांबद्दलचं माझं मत रत्नागिरीत, तिखटमिठासकट, कधीच ठरून गेलंय. मी खारे शेंगदाणे मागवतो.