पगार सगळे विचारतात, पाणी फक्त बाबा

सुट्टीत चंद्रपूरला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "पगार डॉलरमध्ये का रे?" आणि दुसरा, तिकडे सिंह दिसतात का. अहो, वाघ तुमच्या घरामागे फिरतो, मला कॉपरबेल्टमध्ये अजून एक सिंह दिसला नाही.

कॉपरबेल्ट म्हणजे झाम्बियातला तांब्याच्या खाणींचा पट्टा, मी तिथल्याच एका अंडरग्राउंड खाणीत आहे. आधी सहा वर्षं भंडाऱ्याकडे मँगनीजमध्ये काढली, खाण मॅनेजरचं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट काढलं आणि वाटलं झालं आता, पण इथं उतरल्यावर कळलं की इथल्या ब्लास्टिंग लायसन्सची परीक्षा परत द्यायची, मग चाळिशीला आलेला माणूस रात्री कॉलेजच्या पोरासारखा घोकत बसला.

खरं शिक्षण मात्र खालीच झालं. पहिल्या महिन्यात एका फेसवर, म्हणजे जिथं खोदकाम चालू असतं त्या टोकाला, मी टॉर्च मारून छत बघितलं आणि ठीक आहे म्हणून पुढं निघालो, तर आमच्या म्हाताऱ्या शिफ्ट बॉसनं हात आडवा धरला, सब्बल घेतली आणि छत ठोकायला लागला. ठण, ठण, ठण, आणि मग एकदम ढब. पोकळ. सगळ्यांना मागं घेतलं, लांबूनच कोचलत राहिला आणि वीसेक मिनिटांनी डायनिंग टेबलएवढा दगड खाली. माझ्याकडं बघितलंही नाही त्यानं, मी मात्र तेव्हापासून आधी कान लावतो, मग टॉर्च.

आणि पाणी! इथली कोंकोला खाण जगातल्या सगळ्यात ओल्या खाणींपैकी एक, रोज साधारण ३ लाख घनमीटर पाणी उपसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर १०,००० लिटरचे ३०,००० टँकर, दररोज. आमच्याकडं तेवढं नाही, पण एकदा लाइट गेली आणि पंप बंद पडले, तेव्हा जी शांतता झाली ना, ब्लास्टिंगचा आवाज परवडला. जनरेटर सुरू होईपर्यंत कोणी बोललं नाही. इथल्या लोकांना मुफुलिराची खाण आठवते, २५ सप्टेंबर १९७०, वरचा टेलिंग्जचा, म्हणजे तांबं काढून उरलेला, गाळ खाली खाणीत घुसला आणि नाइट शिफ्टचे ८९ जण गेले.

बाबा कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते, म्हणजे खालच्या कामावर देखरेख ठेवणारे. १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत अपघात झाला, पाणी शिरून ३७० हून जास्त माणसं गेली, तेव्हा ते नुकतेच कामाला लागलेले. त्यांनी मला पगार कधी विचारला नाही. माझी शिफ्ट दोनला सुटते, तेव्हा घरी साडेपाच झालेले असतात, चहा घेऊन फोनपाशी बसलेलेच असतात.

"आज पाणी किती?"

मी सांगतो.

"स्टँडबाय पंप चालवून बघितला का? नुसता उभा ठेवू नको."

हो म्हणतो. मग फोन आईकडं जातो, आणि ती विचारते पगार झाला का.