फोटोत नसलेला माणूस

हल्ली कॅमेऱ्यासमोर अर्धा सेकंद उभं राहिलं तरी आपण फोटोत येतो. नको असतानाही येतो, डोळे मिटलेले असले तर हमखास येतो. लाइट पेंटिंग, म्हणजे अंधारात दिव्याने हवेत चित्र, करणारा मात्र पाच-पाच मिनिटं लेन्ससमोर नाचत असतो आणि फोटोत त्याचा मागमूसही नसतो. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

त्याची रीत सांगायला सोपी. मिट्ट काळोख, ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला कॅमेरा, उघडं ठेवलेलं शटर. अंगात काळे कपडे, हातात टॉर्च नाहीतर एलईडीची काठी. जिथून जिथून उजेड फिरतो तिथे तो फोटोत साठत जातो. फिरवणाऱ्यावर ना प्रकाश पडतो, ना तो एका जागी ठरतो, म्हणून तो उमटतच नाही. अवघड ते पुढेच आहे. हवेत काढलेली रेघ त्याला स्वतःला दिसत नाही. फुलाची पहिली पाकळी कुठे संपली हे खांद्याने आणि मनगटाने लक्षात ठेवायचं, कारण दुसरी तिथूनच सुरू होणार. खोडरबराची सोय नाही. शिवाय लेन्सकडे तोंड करून लिहिलं की अक्षरं उलटी उमटतात. दिवाळीत फुलबाजीने हवेत नाव लिहिणाऱ्या भाचीचा मी मोबाइलवर असा फोटो काढला, तर तिच्या नावातली वेलांटी पलीकडे जाऊन बसलेली. तिला तीच जास्त आवडली.

या उलट्या अक्षरांचा फायदा मॅन रे या अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकाराने उठवला. १९३५ साली त्याने स्वतःचाच असा एक फोटो काढला: चेहरा धूसर, पुढे प्रकाशाच्या रेघोट्यांचा गुंता. लोक त्यांना रेघोट्याच समजत राहिले. २००९ मध्ये एलन केरी या छायाचित्रकार बाईंनी तो आरशात धरून पाहिला, तर गुंत्यात चक्क मॅन रेची सही!

सगळ्यात गाजलेला फोटो मात्र पिकासोचा. म्हणजे तसं म्हणतात. माझ्या मते तो ग्योन मिलीचा आहे. मिली जन्माने अल्बानियन, अमेरिकेत एमआयटीत शिकलेला विजेचा इंजिनियर, पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार. १९४९ मध्ये तो पिकासोला भेटायला दक्षिण फ्रान्समधल्या वालोरिसला गेला आणि स्केट्सना छोटे दिवे लावून बर्फावर उड्या घेणाऱ्यांचे आपले फोटो त्याला दाखवले. पिकासोने पंधरा मिनिटं देऊ केली. मग गडी असा रंगला की पाच वेळा बसला. बैल, अर्धा माणूस अर्धा घोडा, ग्रीक चेहरे, स्वतःची सही, सगळं छोट्या टॉर्चने हवेत. मिलीने दोन कॅमेरे लावले, एक समोरून, एक बाजूने. शटर उघडं ठेवून त्याने रेघ पकडली आणि फ्लॅशच्या एका लखलखाटात पिकासोला पकडलं. तो लखलखाट नसता तर बैल हवेत नुसताच लटकला असता. आणि त्या खोलीत तर तो बैल कधी नव्हताच. काढणाऱ्यालाही तो पाहायला मिळाला फिल्म धुतल्यावर. एवढं करून नाव कोणाचं झालं, तर ज्याचं आधीच झालेलं होतं त्याचं.

युक्ती मुळात कलावंतांची नाहीच. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये मारे हा शास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी दमनी यांनी माणसाची चाल अभ्यासायला त्याच्या सांध्यांवर बल्ब बांधले होते. १९१४च्या सुमारास अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोने कामगारांच्या हातांना दिवे लावून फोटो काढले, हात उगाच कुठे फिरतो ते शोधायला. रेघ जितकी आखूड तितका कामगार शहाणा, असा एकूण हिशोब.

तो हिशोब मला पटत नाही, पण दिवे मात्र हवेत. आईच्या मनगटांना ते बांधावेत, स्वयंपाकघर अंधारं करावं आणि तिच्या पोळ्यांचा एक फोटो काढावा: कणकेचा गोळा, लाटण्याच्या येरझाऱ्या, पिठाच्या डब्यात बुडी, मध्येच फडक्याकडे गेलेला हात, शिवाय गॅसची निळी ज्योत. गिलब्रेथ दांपत्याने फुकट ठरवल्या असत्या त्या सगळ्या रेघा मला त्यात हव्या आहेत. आईला विचारलंसुद्धा. म्हणाली, “काय दिवे लावायचे ते लाव, पण आधी मोरीतला गेलेला बल्ब बदल.”