इंजेक्शन निवांत, दूध मात्र बंद : हेपॅटायटिस बी असताना बाळंतपण, माझा अनुभव

गरोदरपणातल्या पहिल्याच रक्ततपासणीत एचबीएसएजी, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस बीचा विषाणू असल्याची खूण, पॉझिटिव्ह आलं. तिथपासून प्रसूतीपर्यंतचं सगळं थोडक्यात उरकते, कारण ते खरंच सुरळीत पार पडलं. पोटविकाराच्या डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या केल्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, काढला. तो २ लाखांच्या वर असता तर २८व्या आठवड्याच्या सुमारास विषाणूला दाबणारी टेनोफोविरची गोळी सुरू केली असती. माझा बराच खाली होता, गोळी लागली नाही. नवरा निगेटिव्ह निघाला, त्याने लसीचे तीन डोस घेतले. नंतर आईची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. म्हणजे मला हे बहुधा जन्मतःच मिळालेलं. तान्हेपणी लागण झाली तर दहातल्या नऊ जणांत ती कायमची ठाण मांडते. मोठेपणी झाली तर बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणून तर बाळाला लगेच टोचायची एवढी घाई असते.

घाई असते असं पुस्तकात लिहिलंय. वॉर्डात काय झालं ते आता सांगते.

माझ्या केस पेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल पेनाने गोल काढून आत ‘एसटीआय +’, म्हणजे लैंगिक संसर्ग आहे, एवढंच लिहून ठेवलं होतं. कुठला आजार, ते नाही. वॉर्डच्या छापील कागदावर एक रकाना होता : आईला लैंगिक संसर्ग, हो की नाही. त्याच्या खाली : हो असल्यास स्तनपान डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच. एचआयव्ही, सिफिलिस, नागीण-वर्गातली हर्पिस, गनोरिया, हेपॅटायटिस, सगळे एकाच टोपलीत. हे आजार बाळापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचतात आणि काही दुधातून पोचतच नाहीत, हे तो कागद बनवणाऱ्याच्या गावीही नसावं.

हेपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत दोन टोचण्या लागतात. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडीज. लस लगेच दिली. इम्युनोग्लोब्युलिन वॉर्डच्या फ्रिजमध्ये नव्हतं. ते औषध भांडारातून मागवायचं, त्यासाठी इंडेंट (मागणीपत्र) भरायचा, इंडेंटवर वरिष्ठांची सही हवी आणि वरिष्ठ ऑपरेशनमध्ये. नवरा दर थोड्या वेळाने काउंटरवर जायचा आणि तेच उत्तर घेऊन यायचा : “येईल हो, एवढी काय घाई?”

आणि इकडे मी बाळाला छातीशी धरलं, की सिस्टर धावत यायच्या. “ताई, थांबा. परवानगी आली नाही अजून.”

म्हणजे जिथे घड्याळ लावून पळायचं तिथे सगळे निवांत, आणि जिथे काहीच धोका नाही तिथे पहारा.

माझ्याकडे कागद होता. पोटविकाराच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं होतं : हेपॅटायटिस बी, स्तनपान लगेच सुरू करावे. सिस्टरनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “हा ओपीडीचा पेपर आहे. वॉर्डात नाही चालत.”

मी म्हटलं, “सिस्टर, बाळ माझ्या रक्तातून न्हाऊन बाहेर आलंय. लागायचं असेल तर ते तिथे लागेल. त्याचं इंजेक्शन अजून आलं नाही, आणि तुम्हाला दुधाची भीती वाटते?”

“मला नाही वाटत. पण रकान्यात सही नाही ना.”

त्या बाईंवर राग धरण्यात अर्थ नव्हता. रात्रपाळीला त्या एकट्या होत्या आणि उद्या जाब त्यांनाच विचारला असता. पण राग यायचा तो आलाच. बाळ मूठ तोंडात कोंबून चोखत होतं. शेवटी मी हाताने चीक काढायला सुरुवात केली. नवऱ्याने बिनसुईची छोटी सिरिंज धरली, पिवळाजर्द दाट थेंब सिरिंजच्या तोंडाशी यायचा आणि तो हळूच ओढून घ्यायचा. किती जमलं म्हणाल तर सिरिंजच्या तळाशी जेमतेम. तेही द्यायचं नाही असं सांगण्यात आलं. पावडरचं दूध मात्र कुणाच्याही सहीशिवाय मिळत होतं, हे विशेष.

पहाटे बालरोगतज्ज्ञ बाई राउंडला आल्या. त्यांनी लाल गोल पाहिला आणि रात्रभरात कुणी न विचारलेला प्रश्न विचारला : “एसटीआय म्हणजे कुठला?” मी सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्याच रकान्यात एक ओळ लिहिली, बाळाला माझ्याकडे द्यायला लावलं आणि मग इंजेक्शन कुठे अडलंय म्हणून जो आवाज चढवला तो शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेला असेल. इम्युनोग्लोब्युलिन १२ तासांच्या आत मिळालं, पण काठावर.

म्हणून सल्ला क्रमांक एक (आठवला तसा देते, क्रमावर जाऊ नका) : प्रसूतीच्या बऱ्याच आधी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून केस पेपरवरच, ओपीडीच्या चिठ्ठीवर नव्हे, तीन गोष्टी लिहून घ्या. आजाराचं पूर्ण नाव. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन १२ तासांच्या आत. स्तनपान लगेच, इंजेक्शनसाठी दूध थांबवायचं नाही. आणि इम्युनोग्लोब्युलिन आधीच मागवून फ्रिजमध्ये ठेवलंय का, हे स्वतः विचारा. लाजू नका.

डॉक्टर बाईंना नवऱ्याने मग बाकीच्या आजारांचंही विचारलं. त्यांनी सांगितलं ते त्या छापील कागदावर असायला हवं होतं. एचआयव्ही दुधातून जाऊ शकतो, तिथे विचार करावाच लागतो. उपचारच नसतील तर गर्भारपण, प्रसूती आणि दूध मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई औषधं नियमित घेत असेल आणि विषाणू तपासणीत सापडत नसेल तर दुधातून होणारी लागण १ टक्क्याच्याही खाली येते, शून्य मात्र होत नाही. अशा वेळी आईचं दूध द्यायचं ठरलं, तर पहिले सहा महिने थोडं आईचं थोडं वरचं असं न करता निव्वळ आईचंच द्यावं. सिफिलिस पोटातच वारेतून बाळाकडे जातो, दुधातून नाही. पण स्तनावर त्याचा व्रण असेल तर स्पर्शाने लागतो. हर्पिसचंही तेच. ज्या बाजूला पुळ्या असतील ती बाजू बरी होईपर्यंत बंद, दुसरी चालू. गनोरिया आणि क्लॅमिडिया बाळाच्या डोळ्यांना प्रसूतीच्या वाटेवर गाठतात, दुधाचा त्यात संबंध नाही. हेपॅटायटिस सी दुधातून जात नाही, पण स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर त्या बाजूने तेवढ्यापुरतं थांबायचं. मलाही त्यांनी चिरा पडू देऊ नका म्हणून बाळाला नीट पकड घ्यायला शिकवलं. ही परवानगी आणि हे शिकवणं रात्रीच झालं असतं तर सिरिंज लागलीच नसती.

घरी आल्यावर दुसरा तमाशा. माझा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, संडासाच्या बैठकीवर डेटॉल. हेपॅटायटिस बी ताटवाटीतून, मिठीतून, शिंकेतून, संडासातून पसरत नाही. रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून पेल्यापेक्षा दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर वेगळे ठेवा, कारण सुकलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. हे सांगितलं तर कुणाला पटेना. पेला तसाच वेगळा राहिला आणि नेलकटर घरभर फिरत होतं.

आणि याच घरात नवऱ्याची आत्या ओठाच्या कोपऱ्यावर ताजी पुळी घेऊन आली आणि बाळाचे मुके घ्यायला वाकली. मी बाळ मागे ओढलं. ती पुळी हर्पिसची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जवळपास ६४ टक्के लोकांच्या अंगात तो विषाणू आहे, आणि बहुतेकांना तो लहानपणी कुणाच्या तरी मुक्यातूनच मिळालेला असतो. मोठ्या माणसाला चार दिवसांची चुरचुर, पण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेतू शकतो. आत्या रुसल्या. “आजार हिला, आणि लांब मी राहायचं!” मी ऐकून घेतलं, पुळीची खपली पडेपर्यंत बाळ काही दिलं नाही. याबाबतीत मी अजूनही कुणाची भीड ठेवत नाही. स्वतः आईच्या ओठावर पुळी आली तर मास्क लावून, हात धुऊन खुशाल पाजावं, मुका मात्र नको.

पुढचे डोस वेळापत्रकाप्रमाणे झाले. एक राहिलं सांगायचं : बाळाची तपासणी ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान करायची, घाईने आधी नाही. लस टोचल्यावर काही दिवस रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह दिसू शकतो आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या उसन्या अँटिबॉडीज बरेच महिने रक्तात राहतात. प्रयोगशाळेत एचबीएसएजी (लागण आहे का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणाऱ्या अँटिबॉडीज किती) अशी दोन्ही नावं सांगा. आम्हाला पहिली चिठ्ठी एकाच तपासणीची मिळाली होती, ती परत करून दुरुस्त करून घेतली. आमच्या बाळाचं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं, अँटिबॉडीज १०च्या बऱ्याच वर, म्हणजे संरक्षण आहे. तोवर ते छान दूध पीत होतं आणि अजूनही सोडायचं नाव घेत नाही.