तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी घरातला पोरगा मिशनरी शाळेत कसा?

बेळगावचा म्हटलं की लोक आधी सीमाप्रश्न काढतात, मग शाळा कुठली विचारतात, आणि मी सेंट पॉल्स म्हणालो की हमखास पुढचं येतंच, वडील महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या) मोर्च्यात जायचे आणि तुम्हाला घातलं मिशनऱ्यांच्या शाळेत? मग मराठी कशी राहिली? पुण्यात तर हे फारच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

शाळा १८५६ ची आहे. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही एक वर्ष आधीची, तेव्हा बेळगावात रेल्वेसुद्धा आली नव्हती. कॅम्पात इंग्रजांच्या पलटणी, त्यामुळं चर्च, बंगले, शाळा सगळं त्याच बाजूला झालं, आणि आम्ही पोरं वडगाव-शहापूर-टिळकवाडीकडनं सायकली हाणत, पहिल्या गेटला रेल्वेसाठी थांबत, काँग्रेस रोड धरून तिकडं जायचो. शाळा सुरू झाली तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, बरोबर शंभर वर्षांनी १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचे फादर शाळा चालवतात.

आता वडिलांचं. आज ना उद्या महाराष्ट्रात जाणार यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, पण तोवर पोराचं काय करायचं? मराठी मीडियमला घातलं तर पुढं इथल्या सरकारी नोकरीत अडणार, कन्नड मीडियम त्यांच्या मनाला पटत नव्हतं, त्यात शाळांत कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून झालेल्या १९८२ च्या गोकाक चळवळीनंतर वातावरण अजूनच तापलेलं. इंग्लिश दोन्हीकडं चालेल, हा त्यांचा हिशोब. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांनी हाच हिशोब केला होता, आणि मला वाटतं सीमाभागात इंग्लिश मीडियम वाढायचं हे एक मोठं कारण आहे, ज्यावर आपण फार बोलत नाही. लोक म्हणतात फॅशन. आमच्याकडं तरी फॅशन नव्हती, नाइलाज होता.

धर्माचं विचारतात म्हणून सांगतो. सकाळी असेंब्लीत प्रार्थना व्हायची, कॅथलिक पोरं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायची, आम्ही बाकीचे मॉरल सायन्सला. घरी येऊन मी आजीबरोबर हरिपाठ म्हणायचो. मला कधी कुणी काही सोड म्हणालं नाही.

खरी मजा ग्राउंडवर. वर्गात इंग्लिश, पण बेल झाली की सगळ्यांची भाषा एकच, बेळगावी मराठी. खानापूरकडचा कोकणी बोलणारा कॅथलिक, कॅम्पातला उर्दू बोलणारा, बैलहोंगलचा कन्नड घरातला, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधल्या जवानांची साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं, सगळे पावसात लाल चिखलात लडबडलेले आणि सगळ्यांच्या तोंडात "काय करुलालास बे, पास दे की!" त्या बैलहोंगलच्या दोस्ताला शाळेत मराठी कुणी शिकवली नाही, तो फुटबॉल खेळत खेळत शिकला, आणि मी त्याच्याकडनं जेवढं कन्नड शिकलो त्यावर एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा कन्नडचा पेपर निघाला.

आणि १ नोव्हेंबर. हा दिवस बाहेरच्यांना समजावून सांगायला मला नेहमी वेळ लागतो. कन्नड लोकांचा राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका. आमचा काळा दिवस, कारण १९५६ ला याच तारखेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून वडील काळी फीत लावून फेरीला. आणि कॅथलिक घरांत त्याच दिवशी सर्व संतांचा सण, दुसऱ्या दिवशी मृतांचा स्मरणदिन, म्हणून माझा बेंचवरचा दोस्त आईबरोबर कबरीवर मेणबत्त्या लावायला जायचा. एकाच वर्गातली पोरं, तीन वेगळ्या ठिकाणी. ३ तारखेला परत सगळे एकाच बेंचवर, आणि कोण कुठं होतं हे सगळ्यांना माहीत असायचं, पण त्यावरनं आमच्या वर्गात कधी मारामारी झाली नाही. गावात तणाव असताना आमच्या वयाच्या पोरांना एवढी एक जागा मिळाली, याचं मोल मला आता बाप झाल्यावर जास्त कळतंय.

मराठी कशी राहिली? एका फ्री पिरियडला आमच्या एका फादरनी विचारलं, फादर स्टीफन्स माहीत आहेत का? कुणालाच माहीत नव्हते. मग त्यांनीच सांगितलं, १५७९ ला इंग्लंडमधला एक जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. ज्ञानेश्वरीचीच ओवी! मी घरी सांगितलं तर आजी म्हणाली, म्हण बघू एखादी. मला येत नव्हती. दुसऱ्या दिवशी फादरनी लिहून दिली, आणि आजीनं ती हरिपाठाच्याच चालीत म्हटली.

पण वाचायची सवय मात्र शाळेनं लावली असं म्हणणार नाही. ती घरात येणाऱ्या तरुण भारत पेपरनं लावली आणि सार्वजनिक वाचनालयानं. ते तर शाळेपेक्षाही जुनं, १८४८ चं.

आता खानापूर, निपाणीकडचे आईबाप मला फोन करून विचारतात, कुठं घालू? २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्याच शाळांत आलंय, तर ते पोराला नीट शिकू द्या, त्याचा राग पोरावर काढू नका. शाळा कुठलीही घ्या, पण मराठी घरूनच द्यावी लागणार हे धरून चाला, रोज संध्याकाळी अर्धा तास पेपर मोठ्यानं वाचून घ्या, जवळच्या वाचनालयात पोराच्या नावानं कार्ड काढा, आणि आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याशी मराठीतच बोलायला लावा.