ताळा जुळेपर्यंत

२३ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी जर्मनीच्या संसदेची निवडणूक झाली. मी येथील नागरिक नसल्यामुळे मला मताधिकार नाही. परंतु मतमोजणी पाहण्याची मुभा सर्वांनाच असल्याने सायंकाळी सहा वाजता मतदान संपताच स्टुटगार्टमधील घराजवळच्या शाळेत जाऊन उभा राहिलो. कोणीही मला ओळखपत्र मागितले नाही.

जोडलेल्या टेबलांवर मतपेटी पालथी करण्यात आली. उमेदवार व पक्ष अशी दोन मते असलेल्या त्या लांबलचक मतपत्रिकांचे गठ्ठे लावण्याआधी एकूण संख्येचा मतदार यादीतील खुणांशी ताळा करावा लागतो, आणि त्या सायंकाळी नेमकी एक मतपत्रिका कमी भरली. मोजणारी माणसे शेजारपाजारची साधी नागरिक होती. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली, तेव्हा एका घडीच्या पोटात दुसरी घडी अडकलेली सापडली.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी परभणीला अण्णांना फोनवर सांगितले. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी अनेकदा मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान घ्यायचे, ती मते पुसून मतदान यंत्र मोहोरबंद करायचे आणि संध्याकाळी नोंदवलेल्या मतांचा हिशेब, म्हणजे नमुना १७-सी, प्रत्येक एजंटाच्या हाती द्यायचा, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. ते एवढेच म्हणाले, "यंत्रावर माझा भरवसा हाय रे, पण मी ते उघड्या डोळ्यांनी बघितलंय. गावातल्या माणसाला कुठं दिसतंय?"

अण्णांचा हा प्रश्न जर्मनीच्या घटना न्यायालयासमोरही आला होता. २००५ च्या निवडणुकीत येथे सुमारे वीस लाख मतदारांनी यंत्रावर मत दिले, त्याविरुद्ध एका बापलेकाने दाद मागितली. ३ मार्च २००९ रोजी न्यायालयाने ती यंत्रे घटनाबाह्य ठरवली. गैरप्रकाराचा पुरावा नसल्याने निकाल कायम राहिला. परंतु मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत, हे तत्त्व पक्के झाले.

म्हणून आपणही कागदाकडे परतावे, असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केलेल्या देशाची गोष्ट वेगळी आहे. शिवाय केंद्र बळकावून धडाधड शिक्के मारण्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत आणि मिनिटाला चारच मते घेणाऱ्या यंत्राने त्याला मोठा आळा घातला. आपल्या यंत्राला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेले हे मतदाराला दाखवणारी छापील चिठ्ठीही आहे, जी त्या जर्मन यंत्रांना नव्हती. मात्र विधानसभेच्या एका मतदारसंघातील पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडून पाहिल्या जातात. २०२४ मध्ये बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. अशा अटीतटीच्या ठिकाणी तरी सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात, असे मला मनापासून वाटते, कारण हरणाऱ्यालाही आपण हरलो हे पटले पाहिजे.

त्याहून अधिक खटकते ते आपल्या गावपातळीवरचे चित्र. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट न वापरण्याची भूमिका राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये घेतली. जेथे दहा-वीस मतांनी निकाल फिरतो आणि हरलेला व जिंकलेला यांना दुसऱ्या दिवशी एकाच पारावर बसायचे असते, तेथेच पुन्हा मोजायला एकही चिठ्ठी नसते.